रुपयाएवढी गुळगुळीत जागा

अक्का : तुझी नयना बँकेत जाताना मला सांगून गेली, त्यांना काही विचारू नका, आपणहून सांगतील. माझी पुष्पक एक्सप्रेस सकाळी लखनौच्या चारबाग स्टेशनला लागली. इथं निशातगंजला तुझ्या घरी येऊन तास झाला आणि तू आपणहून काही सांगेनास. म्हणून आता मीच विचारते. बुधवार आहे, दहा वाजून गेलेत. कारखान्याला का गेला नाहीस?

राजाराम : रजा आहे अक्का.

अक्का : रजेच्या दिवशी माणूस एकच कागद दर पाच मिनिटांनी उघडून वाचत नाही. दे इकडं.

राजाराम : हिंदीत आहे तो.

अक्का : मग काय झालं? कागलच्या शाळेत चौतीस वर्षं पोरांना हिंदी शिकवली मी. दे. "मैं, राजाराम आत्माराम सुतार, डाई-मेकर, स्वीकार करता हूँ कि गोल्फ़ की गेंद के साँचे में मेरी असावधानी से दोष रह गया, जिसके कारण रविवार के समारोह में..." हे काय आहे राजा? तू बादल्यांचे साचे करतोस ना?

राजाराम : बादल्या, पाण्याचे मग, प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय. एकवीस वर्षं तेच करतोय. दोन वर्षांपूर्वी मालकांना गोल्फचा नाद लागला. चेंडू परदेशातनं येतात, महाग पडतात, आपणच का बनवू नयेत, असं त्यांच्या डोक्यात आलं. जनरल मॅनेजर टंडन साहेबांनी मला बोलावून टेबलावर एक चेंडू ठेवला आणि विचारलं, मिस्त्री, ये बन जाएगा? मी म्हटलं, बघतो. त्या कपाटावर आहे बघ एक. माझाच आहे.

अक्का : हा? याला तर देवीचे व्रण आल्यासारखं दिसतंय. साच्यातला दोष म्हणतायत तो हाच काय?

राजाराम : तूसुद्धा तेच म्हणालीस. नाही ग, ते व्रण म्हणजेच चेंडू. तीनशे ब्याण्णव खड्डे आहेत त्याच्यावर. प्रत्येक खड्डा पाव मिलिमीटर खोल. एकही कमी-जास्त नाही. सात महिने लागले मला.

अक्का : पण कशाला? गुळगुळीत असता तर लांब गेला असता की.

राजाराम : सगळ्यांना असंच वाटतं. मलाही वाटायचं. मग आपल्या सावनीनं तिच्या युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीतनं पुस्तक आणलं आणि दोघांनी बसून वाचलं. हे बघ, निपाणीच्या रस्त्यावर भरधाव ट्रक गेला की धूळ, पाला, कागद त्याच्या मागं ओढले जातात, बघितलंयस ना?

अक्का : रोज बघते.

राजाराम : ट्रकनं हवा फाडलेली असते. ती मागं लगेच जुळत नाही. तिथं एक पोकळी राहते आणि ती पोकळी ट्रकलाच मागं खेचत असते. चेंडूचंही तेच. गुळगुळीत चेंडूच्या अंगावरनं हवा अर्ध्या वाटेतच सुटते, मागं मोठी पोकळी राहते आणि चेंडू लवकर दमतो. खड्डे असले की अंगालगतची हवा घुसळली जाते. घुसळलेली हवा चेंडूला जास्त वेळ धरून राहते, पार पाठीमागं जाऊन सुटते. पोकळी लहान, ओढ कमी.

अक्का : आणि फरक किती पडतो?

राजाराम : जवळपास दुप्पट. मी दोन्ही करून बघितले. इथल्या गोल्फ क्लबात एक रिटायर कर्नल येतात, त्यांना मारायला दिले. गुळगुळीत सव्वाशे यार्डांच्या आत पडला. खड्ड्यांचा सव्वादोनशेच्या पुढं गेला आणि दोरी लावल्यासारखा सरळ. कर्नलसाहेबांनी माझा हात हातात घेतला, म्हणाले, उस्ताद, ये आपने लखनऊ में बनाया? अक्का, कोल्हापूरला उद्यमनगरातल्या फाउंड्रीत वयाच्या सोळाव्या वर्षी कानस धरली, तेव्हापासून मला कुणी उस्ताद म्हटलं नव्हतं.

अक्का : मग या कागदावरचा दोष कुठनं आला?

राजाराम : दोष मागून घेतला त्यांनी. सांगतो. जानेवारीत ठरलं की चेंडूचं उद्घाटन करायचं. मोठा समारंभ, बाहेरचे पाहुणे, पेपरवाले. मालकांना चेंडूवर कंपनीचं निशाण पाहिजे होतं, सूर्याचं, लाल आणि सोनेरी, लांबनं दिसेल एवढं. खड्ड्यांवर एवढं मोठं छापलं की रंग फुटतो, किरणं वाकडी दिसतात. टंडन साहेबांनी मीटिंगमध्ये खिशातनं रुपयाचं नाणं काढलं, चेंडूवर टेकवलं आणि मला म्हणाले, इतनी जगह सपाट कर दो.

अक्का : एका बाजूला?

राजाराम : एकाच बाजूला. मी उभा राहिलो. मला हिंदीत मोठं बोलता येत नाही तुझ्यासारखं, तरी सांगितलं. म्हटलं, साहेब, एका बाजूला टक्कल आणि दुसऱ्या बाजूला खड्डे असं झालं तर चेंडू सरळ जाणार नाही, वळेल. निशाण लहान करा, खड्ड्यांवर बसेल एवढं. नाहीतर निदान दोन्ही बाजूंना सारखं करा. टंडन साहेब माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "मिस्त्री, तुम लोहा काटो, हवा हम देख लेंगे।" मग सगळेच हसले. सेल्सवाला हसला, अकाउंट्सवाला हसला. चहा घेऊन आलेला शिपाईही हसला.

अक्का : मालक?

राजाराम : मालक फोनवर होते. त्यांनी ऐकलं की नाही, देव जाणे.

अक्का : मग तू काय केलंस?

राजाराम : साच्यात उलटं असतं अक्का. चेंडूवर खड्डा पाहिजे तर साच्यात तेवढा उंचवटा ठेवावा लागतो. सात महिने मी एकेक उंचवटा भिंगाखाली घडवला होता. त्यातले सदतीस घासून टाकले. एका दुपारचं काम. घासताना वाटत होतं कुणाचे तरी दात पाडतोय.

अक्का : वळणार हे माहीत असताना?

राजाराम : माहीत असताना. साहेबाचा हुकूम होता. मी कोण सांगणारा? रविवारचं ऐक ना. मैदानावर शामियाना, बँड, खुर्च्यांना पांढरी कापडं. मला कडेला उभं राहायला सांगितलं होतं, स्वच्छ कपडे घालून या म्हणाले होते. पहिला चेंडू मालकांनी मारायचा. फोटो नीट यावा म्हणून टंडन साहेबांनी स्वतः वाकून चेंडू ठेवला, निशाण फोटोवाल्यांकडे करून. आता समज, मारणारा चेंडूकडे तोंड करून उभा राहतो आणि मारतो आपल्या डावीकडे. फोटोवाले त्याच्या समोर. म्हणजे चेंडू निघाला की टक्कल येणार उजव्या अंगाला आणि सगळे खड्डे डाव्या अंगाला.

अक्का : आणि हवा खड्ड्यांना जास्त वेळ धरून राहते, तूच म्हणालास.

राजाराम : बरोबर. त्यामुळं एका बाजूची हवा लवकर सुटते, दुसऱ्या बाजूची उशिरा, आणि चेंडू खड्ड्यांच्या बाजूला ढकलला जातो. मालकांचा चेंडू निघाला सरळ. शंभरेक यार्ड गेला आणि डावीकडं असा वळला की कुणी हाक मारून बोलावलं असावं. गेला झाडीत. बँडवाल्यांना कळेना वाजवायचं की थांबायचं. मी तसाच गेलो टंडन साहेबांजवळ. हळू आवाजात सांगितलं, साहेब, माझ्या पिशवीत जुने डझनभर चेंडू आहेत, पूर्ण खड्ड्यांचे, ते घ्या. तेही नको असेल तर निशाण आकाशाकडं करून ठेवा, म्हणजे डावं-उजवं अंग सारखं राहील, दोनशे यार्ड नाही जाणार पण बाजूला तरी वळणार नाही. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, बाद में. आणि स्वतः उभे राहिले मारायला. मालकांचा हात साधारण, यांचा दणदणीत. निशाण पुन्हा फोटोवाल्यांकडं. चेंडू वळला आणि डावीकडं एक माळी उभा होता, त्याच्या डोळ्यावर बसला.

अक्का : अगं आई.

राजाराम : आणि सोमवारी सकाळी हा कागद. टंडन साहेबांनी दार लावून घेतलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, साच्यात चूक राहू शकते, माणूस आहे. सही करा, दोन-चार दिवस घरी बसा, नोकरी कुठं जात नाही. बुधवारी चारपर्यंत कागद द्या. नाही दिला तर मग कंपनीला दुसरा विचार करावा लागेल. माझी चूक अक्का? सदतीस उंचवटे ज्यानं घासायला लावले तो खुर्चीत, आणि "असावधानी" माझी? एकवीस वर्षांत माझ्या एका साच्यावर कुणी बोट ठेवलं नाही. बादलीची कड कधी कुणाच्या हाताला लागली नाही. उद्या दुसऱ्या कारखान्यात गेलो तर म्हणतील, हाच तो, ज्याच्या हातानं वाकडा साचा केला.

अक्का : तू त्यांना जे सांगितलंस ते लिहून दिलं होतंस?

राजाराम : तोंडी.

अक्का : साक्षीला कोण?

राजाराम : जे हसले ते. ते कशाला बोलतील?

अक्का : नीचपणा आहे हा. नुसती चूक नाही. ज्यानं बजावलं त्याच्याकडनंच कबुली लिहून घ्यायची. माझ्या शाळेत एका सभापतीनं असं केलं होतं, गळक्या छपराचं खापर शिपायावर. मी त्या कागदावर शिक्का मारला नव्हता. तू पण सही करायची नाहीस.

राजाराम : नोकरीवर पाणी सोडावं लागेल. वय त्रेपन्न. सावनीचं शिक्षण आहे.

अक्का : ते बघू. मला आधी सांग, त्या माळ्याचं काय झालं?

राजाराम : कोणाचं?

अक्का : माळ्याचं. डोळ्यावर चेंडू बसला म्हणालास.

राजाराम : त्याला गाडीत घालून सरकारी इस्पितळात नेलं. कंपनी बघतेय.

अक्का : डोळा वाचला?

राजाराम : ते... नक्की माहीत नाही.

अक्का : रविवारी झालं. आज बुधवार.

राजाराम : मी कसा जाणार होतो अक्का? मलाच गुन्हेगार ठरवलंय. गेलो असतो तर म्हणाले असते, बघा, चूक वाटते म्हणूनच आला.

अक्का : राजा, तासभर तू बोलतोयस. त्यात टंडन किती वेळा आला, मोज. खड्डे तीनशे ब्याण्णव, घासलेले सदतीस, खोली पाव मिलिमीटर, सगळं तुला पाठ आहे. त्या माणसाचं नाव सांग.

राजाराम : मला नाव माहीत नाही.

अक्का : मग तुझा राग मला अर्धाच पटतो.

राजाराम : तूसुद्धा मलाच धर. मारला टंडननं. हुकूम टंडनचा. मी दोनदा सांगितलं, सगळ्यांसमोर हसं करून घेऊन सांगितलं. आणखी काय करायचं होतं? साचा घेऊन पळून जायचं होतं?

अक्का : मी कशाला धरू? तूच म्हणालास, घासताना कुणाचे तरी दात पाडतोय असं वाटलं. ज्याला एवढं वाटतं त्याला पुढचंही दिसलं असणार. दार वाजतंय बघ. सावनी आली वाटतं.

सावनी : आत्या! मला वाटलं तुमची ट्रेन लेट असणार. नमस्कार करते हं. बाबा, तुम्ही साइन नाही ना केलं?

राजाराम : नाही. तू एवढ्यात कशी परत आलीस? प्रॅक्टिकल होतं ना?

सावनी : मैं यूनिवर्सिटी गई ही नहीं, बाबा. इस्पितळात गेले होते.

राजाराम : कुणाला विचारून?

सावनी : किसी से नहीं. तीन दिवस झाले तुम्ही घरात फक्त त्या सहीच्या पेपरबद्दल बोलता. मला वाटलं कोणीतरी जाऊन बघायला पाहिजे. बैजनाथ नाव आहे त्यांचं. बैजनाथ मौर्य. डोळ्यांच्या वॉर्डात आहेत, खिडकीजवळ. डावा डोळा बांधलाय.

अक्का : दिसणार का ग त्यांना?

सावनी : डॉक्टर मॅडम म्हणाल्या, उजाला-अँधेरा समझ आएगा, बस. त्या डोळ्यानं वाचता नाही येणार. मग बैजनाथजी हसले आणि म्हणाले, पढ़ना तो वैसे भी नहीं आता, डॉक्टरनी साहब. मला खूप खराब वाटलं, आत्या.

राजाराम : तू कोण म्हणून सांगितलंस?

सावनी : नाही सांगितलं. म्हटलं, मी स्टुडंट आहे. हिम्मत नहीं हुई. बाबा, ऐका, हे महत्त्वाचं आहे. त्यांच्या उशीखाली एक कागद होता. सोमवारी कंपनीचे लोक आले, अंगठा लावून घेतला, आणि कार्बन कॉपी त्यांच्याजवळ ठेवून गेले. त्यांना कुणी वाचून नाही दाखवला. मला म्हणाले, बिटिया, पढ़ी-लिखी हो, देख दो क्या लिखा है. मी वाचला. मी तो उतरवून आणलाय, शब्दशः. "मैं मना करने के बावजूद अपनी मर्ज़ी से वर्जित स्थान पर खड़ा था। चोट का ज़िम्मेदार मैं स्वयं हूँ।"

अक्का : कुणाच्या सांगण्यावरनं उभा होता तो तिथं?

सावनी : टंडन साहेबांच्याच. डावीकडच्या कुंपणाला भगदाड आहे, तिथून गायी येतात. त्यांनी सांगितलं होतं, फंक्शन होईपर्यंत इथून हलायचं नाही, फोटोत गाय यायला नको.

राजाराम : वाचून दाखवल्यावर तो काय म्हणाला?

सावनी : काग़ज़ मोड़ के तकिये के नीचे रख दिया. मग म्हणाले, गेंद तो सीधी ही जानी थी, सब साहब लोग सीधा ही मारते हैं. हम ही देर से हटे होंगे. बाबा, त्यांना वाटतंय त्यांचीच चूक झाली. रात्रभर तेच विचार करतात, आपण बाजूला का नाही झालो. मला सांगायचं होतं की तो बॉल वळणारच होता. आत्या, आता वर्ल्ड कप चाललाय ना, बोलर बॉलची एक बाजू पँटला घासून चमकवतात आणि दुसरी खडबडीत ठेवतात, म्हणजे बॉल हवेत वळतो. तिकडे वळवायचा म्हणून घासतात. इकडे तसाच बॉल बनवला आणि म्हणाले, सीधा जाएगा. मला सगळं समजत होतं आणि मी तिथं काही बोलले नाही. सिर्फ़ पानी भर के दिया और आ गई.

अक्का : दोन्ही कागद शेजारी ठेव बघू. राजाचा म्हणतो, साचा वाकडा होता म्हणून लागलं. त्याचा म्हणतो, माणूस नको तिथं उभा होता म्हणून लागलं. एका चेंडूला दोन गुन्हेगार. आणि ज्यानं तो मारला त्याचं नाव दोन्हीकडं नाही. पोलीस आले तर एक दाखवायचा, माळ्याच्या घरचे आले तर दुसरा.

राजाराम : मला म्हणाला, माणूस आहे, चूक होते. त्याच सोमवारी तिकडं माणसं पाठवून डोळा गेलेल्या माणसाचा अंगठा घेतला. समजुतीच्या सुरात.

अक्का : बस खाली. काय करायचं ते बसून ठरव.

राजाराम : सावनी, फुलस्केप कागद आण. कार्बन घाल. तीन प्रती पाहिजेत.

सावनी : काय लिहायचं?

राजाराम : मी सांगतो, तू हिंदी नीट कर. गोल्फच्या चेंडूचा पहिला साचा तीनशे ब्याण्णव खड्ड्यांचा होता, तो निर्दोष होता, त्याचे चेंडू सरळ जात होते. जानेवारीच्या मीटिंगमध्ये टंडन साहेबांनी एका बाजूला रुपयाएवढी जागा सपाट करायला सांगितली. चेंडू वळेल असं मी तेव्हा बोललो. रविवारी दुसरा चेंडू मारण्याआधी पुन्हा बोललो. ते काय म्हणाले, तेही घाल, त्यांच्याच शब्दांत. माळी बैजनाथ मौर्य यांना त्या जागी टंडन साहेबांनीच उभं केलं होतं. लिहिलंस? आता शेवटचं. वळणार हे माहीत असूनही साच्यातले सदतीस उंचवटे मी माझ्या हातानं घासले.

सावनी : बाबा, हे शेवटचं नका लिहू. "जानते हुए" लिखोगे तो वही पकड़ लेंगे. बाकीचं वाचणार पण नाहीत.

राजाराम : लिही.

सावनी : आत्या, तुम्हीच समजवा ना.

अक्का : मी काय समजावू? ती ओळ गाळली तर हाही कागद त्या दोन कागदांसारखाच होईल. लिही बाळ.

(त्याच संध्याकाळी. राजाराम आणि सावनी नुकतेच घरी परतले आहेत. सावनी आत चहा ठेवते आहे.)

अक्का : नयनाचा बँकेतनं दोनदा फोन आला शेजाऱ्यांकडं. मी सांगितलं, येतील. ही पेटी कसली?

राजाराम : माझी हत्यारं. कानशी, भिंग, कोरण्या. गेटवरच्या दरवानानं ती उघडून बघितली, एकवीस वर्षं मला नमस्कार करणाऱ्यानं.

अक्का : म्हणजे नोकरी गेली.

राजाराम : गेली. टंडननं कागद वाचला. आधी फाडायला हात घातला, मी म्हटलं, फाडा, एक प्रत इस्पितळातल्या डॉक्टर मॅडमकडं दिली आहे. त्यांनी बैजनाथच्या केसपेपरला लावून रजिस्टरमध्ये नोंद केली आहे. तिसरी माझ्या खिशात आहे. मग त्याचा आवाज बदलला. म्हणाला, सुतारजी, आप तो घर के आदमी हैं, फोरमनची जागा रिकामी आहे. एकवीस वर्षांत पहिल्यांदा "जी". मी म्हटलं, मालकांना बोलवा.

अक्का : आले?

राजाराम : आले. त्यांनी वाचलं, दोनदा. बैजनाथच्या अंगठ्याचा कागद त्यांना माहीतच नव्हता, असं मला तरी वाटलं. तो मागवून घेतला आणि टंडनला माझ्यासमोर फाडायला लावला. शुक्रवारी दिल्लीच्या एका क्लबाला आठशे चेंडू जाणार होते, ते थांबवले. इलाज पूरा कंपनी कराएगी, असं म्हणाले, तेही चार लोकांसमोर. आणि मग मला म्हणाले, आप कल से मत आइए.

अक्का : कारण?

राजाराम : मी विचारलं. म्हणाले, आपने जानते हुए किया, आपने ख़ुद लिखा है.

सावनी : मैंने कहा था न, बाबा. त्यांनी तीच एक लाईन पकडली. टंडन तिथेच राहणार. त्याला काहीच नाही झालं.

अक्का : ती ओळ त्यांनी धरली म्हणून खोटी ठरत नाही. पण संताप होतोय मला, खरं सांगते. भीतीनं फाडला त्यांनी तो कागद, लाजेनं नाही.

राजाराम : भीतीनं का होईना, फाडला. कर्नलसाहेबांना भेटून बघतो उद्या. ते म्हणाले होते, कानपूरला कुणी साचेवाला शोधतोय. मिळेल काहीतरी. नयनाला मी सांगतो, तू सांगू नकोस.

अक्का : आणि इस्पितळात आधी गेलात की नंतर?

राजाराम : आधी. दुपारी एकला.

अक्का : काय बोललास त्याच्याशी?

राजाराम : वाटेत रिक्षात मी सगळं जुळवलं होतं. हवा, खड्डे, टक्कल, सगळं हिंदीत. तिथं गेल्यावर काही आठवेना. त्याची बायको शेजारी बसून संत्रं सोलत होती. मी एवढंच म्हटलं, बैजनाथजी, साँचा मैंने काटा था. गेंद टेढ़ी ही जानी थी. आप जहाँ खड़े थे, ठीक खड़े थे. तो बायकोकडं वळला आणि म्हणाला, सुनती हो? हम ठीक खड़े थे. दोनदा म्हणाला. मग माझ्याकडं चांगल्या डोळ्यानं बघत राहिला आणि विचारलं, आपको मालूम था?

अक्का : तू काय म्हणालास?

राजाराम : मालूम था, म्हटलं.

अक्का : मग?

राजाराम : तेवढ्यात वॉर्डात घंटा झाली, भेटायची वेळ संपली. सावनी दाराशी जाऊन थांबली. मी निघालो तर म्हणाला, बैठ जाइए.

अक्का : मग?

राजाराम : मग बसलो.